कंपन्यांनी हरवले, घराघरांत सापडले

‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही आपली संस्था १९९० साली मुंबईत सुरू झाली. एरवी संस्थेचा इतिहास लिहायला बसले की भूखंड कधी मिळाला, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, देणगीदारांची नावे कोणत्या फलकावर कोरली, असा क्रम आपोआप लागतो. इथे तशी सोय नाही. संस्थेने वास्तू उभारली नाही. रेकॉर्डी ज्याच्या त्याच्या घरी राहिल्या, कपाटांत, माळ्यांवर, पलंगाखालच्या पेट्यांत. आणि त्या घरांमधल्या येण्याजाण्यातून संस्था उभी राहिली. अध्यक्ष नारायण मुलानी हे स्वतः मुरलेले संग्राहक होते. मानद सचिव डॉ. सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळेतल्या माणसाची नोंदी ठेवण्याची सवय या छंदाला लागली, हे संस्थेचे भाग्यच म्हणायचे. कारण छंदी माणूस वस्तू जमवतो, पण नोंद ठेवायचा त्याला कंटाळा असतो.

संस्था निघाली तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डींचे उत्पादन १९७०च्या सुमारास थांबले. त्यानंतर एल.पी.ची चलती होती, आणि ऐंशीच्या दशकात कॅसेट घराघरांत शिरली. चावीचा ग्रामोफोन अडगळीत गेला. पुढे त्याच्या पितळी कर्ण्याला हॉटेलांच्या दर्शनी भागात भाव आला, पण ज्या तबकड्यांसाठी तो कर्णा होता त्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढल्या. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार, ही संग्राहकांची तीर्थक्षेत्रे झाली. मोटर मिळाली तर साउंडबॉक्स नाही, साउंडबॉक्स मिळाला तर सुया नाहीत, अशी त्यांची कथा. अशा वेळी एकट्यादुकट्याने धडपडणाऱ्या माणसांना एकमेकांचा पत्ता कळणे हीच मोठी गोष्ट होती. संस्थेचे पहिले काम तेच झाले. सभासदांनी एकत्र यायचे, कोणीतरी आपल्याकडच्या रेकॉर्डी आणायच्या, त्या सगळ्यांनी ऐकायच्या, आणि प्रत्येकीबद्दल जे माहीत असेल ते सांगायचे. या श्रवणसभांतून माणसे जोडली गेली.

पण या सगळ्याची गरज का पडली? ज्या कंपन्यांनी रेकॉर्डी काढल्या त्यांच्याकडे मूळ मुद्रणे असतीलच, असे सर्वसामान्य रसिकाला वाटते. ती असायला हवी होती हे खरे.

मूळ म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. चुंबकीय टेप येण्यापूर्वी गाणे जाड मेणाच्या चकतीवर कोरले जाई. १९२५च्या आसपास विजेचा मायक्रोफोन येईपर्यंत गायक सरळ कर्ण्यात तोंड घालून गात. तान वर गेली की डोके मागे घ्यायचे, आवाज खाली आला की पुढे. त्या मेणावर विद्युत्-विलेपनाने धातूचा थर चढवायचा आणि तो सोलून काढायचा. ही झाली उलटी धातुमुद्रा, म्हणजे ‘मास्टर’. तिच्यावरून सुलटी ‘मदर’, आणि मदरवरून पुन्हा उलटे ‘स्टँपर’. या स्टँपरने गरम लाखमिश्रणावर छाप मारला की बाजारात जाणारी तबकडी तयार. मेण या खटाटोपात संपे. म्हणजे मूळ उरायचे ते धातूत. धातू म्हणजे तांबे आणि निकेल, आणि तांब्याला मोडीतही भाव असतोच. गाणे खपत नाहीसे झाले की गोदामात जागा अडवणाऱ्या त्या जड चकतीकडे कारकुनाने कोणत्या नजरेने पाहिले असेल हे सांगायला नको. युद्धकाळात तर तांब्याला सोन्याची किंमत आली.

भारतापुरती आणखी एक गुंतागुंत होती. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यात आला, आणि त्या नोव्हेंबरात त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. गाणे संपताना ती स्वतःचे नाव इंग्रजीत सांगते. ती ऐट असावी असे ऐकणाऱ्याला वाटते, पण त्यामागचे कारण साधे व्यवहाराचे सांगितले जाते. मेणाच्या चकत्या जहाजाने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायच्या आणि तिथे छापल्या जायच्या. तिथल्या कामगाराला हे कोण गात आहे, कुठले लेबल चिकटवायचे, ते कळायला हवे ना! कलकत्त्यातला सियालदहचा कारखाना १९०८ मध्ये सुरू होईपर्यंत हे असेच चालले. म्हणजे पहिल्या पाच-सहा वर्षांतल्या आपल्या गवयांचे मूळ आवाज आपल्या देशात कधी नव्हतेच. आपल्या वाट्याला आल्या त्या छापील प्रती. कंपनीच्या जुन्या दप्तराचा काही भाग इंग्लंडमधल्या हेज येथे जपलेला आहे, पण अभ्यासकाने तिथे जायचे म्हणजे खिसा भक्कम हवा.

आणि ही तर मोठ्या, टिकलेल्या कंपनीची गोष्ट. निकोल, बेका, ओडियन, पाथे, मुंबईची रामाग्राफ अशा किती कंपन्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या बाजारात उतरल्या आणि बहुतेक गाशा गुंडाळून गेल्या. निकोलची तबकडी तर लाखेचीही नव्हती. पुठ्ठ्यावर तपकिरी सेल्युलॉइडचा थर. मुंबईच्या दमट हवेत पुठ्ठा फुगायला एक पावसाळा पुरतो. पाथेची रेकॉर्ड नेहमीच्या सुईने वाजवायला गेले तर काहीच धड ऐकू येत नाही, कारण तिच्यात स्वर आडवा न कोरता खालीवर कोरलेला असतो. तिला नीलमण्याची गोल सुई लागते. कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी मेणाच्या नळकांड्यांवर रवींद्रनाथांचा आवाज मुद्रित केला होता. त्या नळकांड्यांचे काय झाले म्हणून आता हळहळायचे, एवढेच हाती आहे.

मुळात मुद्रित न झालेले हा आणखी वेगळा हिशेब. भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत गेले. गैसबर्ग येईपर्यंत दोन वर्षेसुद्धा निघाली नाहीत. किर्लोस्कर मंडळींच्या रंगभूमीवर ज्या आवाजाने महाराष्ट्र वेडा केला, तो कसा होता हे वर्णनांवरूनच ताडायचे. अल्लादियाखाँसाहेबांनी व्यापारी ध्वनिमुद्रण होऊ दिले नाही. त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यातून ऐकायची. ‘आलम आरा’ १९३१ साली आला. त्याची प्रत आज कुठेच नाही, आणि गाणीही रेकॉर्डवर आली नव्हती. म्हणजे भारतातल्या पहिल्या बोलपटाचा आवाजच उरलेला नाही. अशा ठिकाणी संग्राहक काय करणार? त्याचे काम जे एकदा छापले गेले तिथून पुढे सुरू होते.

तर मुद्दा असा की, मूळ धातुमुद्रा गेली की बाजारात विकली गेलेली जी तबकडी कोणाच्या तरी घरात शाबूत आहे, तीच मूळ ठरते. दुसरा इलाज नाही. हा विचार पटला की संग्राहकाचा छंद एकदम जबाबदारीचा होतो. आपल्या संस्थेच्या सगळ्या कामाची दिशा मला यातच दिसते.

पहिली जबाबदारी नोंदीची. संस्थेने ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक काढले. सुरुवातीला त्रैमासिक, पुढे वार्षिक. मजकूर मुख्यतः इंग्रजी, कागद साधा, छपाई बेताची. दिसायला एखाद्या सहकारी पतपेढीचा अहवाल वाटावा. पण त्यात गायकांच्या रेकॉर्डींच्या याद्या, बंद पडलेल्या कंपन्यांची माहिती, लेबलांचे प्रकार, जुन्या जाहिराती आणि सूचीपत्रे असा ऐवज आहे, आणि तो एकत्र असा दुसरीकडे फारसा मिळत नाही. हे अंक पुढे शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात गेले, आणि आता कोणालाही पाहता येतात. आपल्या विद्यापीठांपैकी कोणाला ते आधी सुचले नाही, याची खंत नोंदवून ठेवतो.

याद्यांना हसणारे लोक आहेत. गाणे ऐकायचे सोडून क्रमांक कसले मोजता, असे ते विचारतात. एखादी रेकॉर्ड तिरपी करून उजेडात धरा. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये गुळगुळीत पट्टा असतो, तिथे बारीक अक्षरांत मॅट्रिक्स क्रमांक दिसेल. लेबलावरचा क्रमांक विक्रीचा. हा खरा मुद्रणाचा. ग्रामोफोन कंपनीच्या क्रमांकाशेजारी अक्षर असेल तर ते मुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाचे. आता तंत्रज्ञ कोणत्या साली, कोणत्या शहरात होता हे माहीत असले, की गाणे कुठे आणि केव्हा गायले गेले याचा माग लागतो. लेबलावर नाव चुकीचे छापले असेल तर तेही इथे उघडे पडते. एकाच बंदिशीच्या दोन रेकॉर्डी आहेत की एकच गाणे दोनदा छापले आहे, हा वाद श्रवणसभेत कान टवकारून मिटत नाही, तो या पट्ट्यावर मिटतो.

या शास्त्रात सगळ्यांना वाट दाखवली ती मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने. १८९९ ते १९०८ या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांची त्यांची सूची १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. सूची १९०२ ऐवजी १८९९ पासून का? कारण त्या वर्षी लंडनमध्येच कॅप्टन भोलानाथ, डॉ. हरनामदास आणि अहमद यांचे आवाज मुद्रित झाले होते. कलकत्त्याची गोष्ट सांगणारे ही तीन नावे सहसा विसरतात. पुढे २००३ मध्ये किनियरांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचे चरित्र आणि त्यांच्या रेकॉर्डींची सूची असा ग्रंथ काढला. खाँसाहेबांचे गाणे मिरजेत दर्ग्यात दरसाल आठवले जाते, पण त्यांच्या रेकॉर्डींचा असा नेमका हिशेब मांडायला मेलबर्नकडचा माणूस लागला. आपल्याकडे याच जातीचे काम कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी हिंदी चित्रपटगीत कोशात केले. बँकेतली नोकरी सांभाळून, हे विशेष.

संस्थेच्या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘यंग इंडिया’चा अध्याय. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी ही मुंबईची, वडाळ्याची. ‘यंग इंडिया’ हे तिचे लेबल. १९३५ ते १९५५ ही वीस वर्षे ते बाजारात होते. हिज मास्टर्स व्हॉइसच्या साम्राज्यासमोर एका देशी कंपनीने स्वतःचे मुद्रण, स्वतःचा छाप घेऊन उभे राहायचे, ते लेबलाच्या नावातूनच कळते. मोठे गवई बड्या कंपनीशी करारबद्ध. त्यामुळे ‘यंग इंडिया’ने नवख्यांना, हौशींना, प्रांतोप्रांतीच्या कमी माहितीतल्या कलाकारांना माइकपुढे उभे केले. चित्रपटगीते काढली, सुगम संगीत काढले, लोकगीते आणि रागदारीही काढली. हजारो मुद्रिका निघाल्या. मग १९५५ साली कंपनी बंद पडली आणि सगळेच थांबले.

बड्या कंपनीची जुनी गाणी निदान एल.पी.वर आली, कॅसेटवर आली, सीडीवर आली. बालगंधर्वांचे पद कोणत्या ना कोणत्या रूपात दुकानात मिळतच राहिले. बंद पडलेल्या कंपनीचा माल पुन्हा कोण काढणार? ‘यंग इंडिया’चा जो गायक एकदा विकला गेला तो तेवढाच. त्यातले बहुतेक कलाकार पुढे नावारूपाला आले नाहीत, म्हणून कोणी त्यांचा शोधही घेतला नाही. एका रेकॉर्डच्या दोन बाजू, सहा-सात मिनिटे, एवढाच काय तो त्यांचा जगातला पुरावा, आणि तो सभासदांच्या घरी विखुरलेला.

डॉ. चांदवणकरांनी हा प्रकल्प ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅम’कडे नेला. जगभरच्या नष्ट होऊ घातलेल्या दप्तरांना मदत करणारी ही योजना. तिची अट चांगली आहे: मूळ वस्तू ज्या देशातली त्याच देशात राहणार, प्रती मात्र सुरक्षित ठिकाणी जपल्या जाणार. संग्राहकांकडून रेकॉर्डी घ्यायच्या, साफ करायच्या, वाजवून संगणकावर उतरवायच्या, लेबलांची छायाचित्रे घ्यायची, कंपनीची सूचीपत्रे आणि जाहिरातीही त्याच नोंदीत जोडायच्या, असे ते काम. आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायला संग्राहक सहसा तयार नसतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच या कामामागचा विश्वास कळेल. संस्थेच्या श्रवणसभा वर्षानुवर्षे चालल्या नसत्या तर हा विश्वास तयार झाला नसता.

असे घरात, दुकानात सापडण्याचे एक उदाहरण आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांचे आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी त्यांची भैरवी निवडली गेली, तेव्हा ती एल.पी. बाजारात मिळेना. शोधता शोधता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती निघाल्या. त्यांपैकी व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि केसरबाई त्याच महिन्यात गेल्या. दुकानदाराने ते खोके आदल्या वर्षी टाकून दिले असते तर?

अमेरिकेतही मूळ मुद्रणे सुखरूप होती असे नाही. हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात १ जून २००८ रोजी लागलेल्या आगीत संगीताच्या मूळ टेपा जळाल्या, आणि जगाला त्याची नीट खबर लागली ती थेट २०१९ मध्ये, वर्तमानपत्राने प्रकरण बाहेर काढल्यावर. आपल्याकडे आगीची वाटही पाहावी लागली नाही. टेप महाग, म्हणून नभोवाणीवर एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा भरणे हा शिरस्ता होता. कोणी दुष्टाव्याने केले नाही, काटकसर म्हणून केले. म्हणूनच ते अधिक लागते.

आता थोडे परखड. इमारत नसणे हे संस्थेचे बळ होते. भाडे नाही, कमिटीची भांडणे नाहीत, अनुदानासाठी मंत्रालयाचे हेलपाटे नाहीत. पण तीच तिची दुखरी बाजूही आहे. संग्राहक गेला की संग्रहाचे काय, याचे उत्तर दरवेळी त्या घरातल्या माणसांवर अवलंबून राहते. मुलगा परदेशी, फ्लॅट विकायचा, आणि बाबांच्या त्या काळ्या थाळ्या उचलायला रद्दीवाला हजर. पन्नास वर्षांत जमलेले एका दुपारी जाते. शिवाय काही संग्राहकांना आपल्याकडची रेकॉर्ड जगात एकमेव असावी यातच आनंद वाटतो. ते ती वाजवतही नाहीत आणि कोणाला उतरवूनही देत नाहीत. अशांची रेकॉर्ड आणि हरवलेली रेकॉर्ड यांत मला फारसा फरक दिसत नाही.

डिजिटल करून टाकले म्हणजे सुटलो, हाही भ्रम आहे. खरखर काढण्याच्या नादात गायकाचा श्वास आणि तंबोऱ्याची आस पुसून टाकलेली कितीतरी गाणी आज इंटरनेटवर फिरतात. आधी जसे आहे तसे, खरखरीसकट, पूर्ण गुणवत्तेत उतरवून ठेवायचे. साफसफाई नंतर, वेगळ्या प्रतीवर. आणि ‘७८’ म्हटले तरी सुरुवातीच्या रेकॉर्डी नेमक्या त्या वेगाने मुद्रित झालेल्या नसतात. वेग चुकला तर काळी चारचा गवई काळी पाचचा होतो, आणि पुढचे अभ्यासक त्याच्या आवाजावर प्रबंध लिहून मोकळे. कायद्याची अडचण आता पूर्वीएवढी नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे ७८च्या जमान्यातला फार मोठा भाग मोकळा झालेला आहे. अडते ते माणसांवाचून.

म्हणून ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांना विनंती. घरात, गावाकडच्या वाड्यात, नाटक मंडळीच्या जुन्या पेटाऱ्यात रेकॉर्डी असतील तर आधी त्या उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या की खालच्यांना तडे जातात. स्पिरिटने मुळीच पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि गाणे बोळ्यावर निघून येते. सौम्य साबणाचे पाणी, मऊ कापड, लेबल कोरडे ठेवायचे, आणि पुसायचे खाचेच्या दिशेने गोल. जुन्या चावीच्या यंत्रावर हौसेने वाजवून पाहू नका. पोलादी सुई प्रत्येक वेळी थोडे गाणे खरवडते. कागदी पाकिटे, दुकानाचे शिक्के, सूचीपत्रे, पावत्या फेकू नका. रेकॉर्ड कोणी घेतली, कधी, कोणत्या दुकानातून, घरात कोण ऐकत असे, आठवेल तेवढे एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. रेकॉर्ड फुटलेली असली तरी तुकडे जपा, लेबल आणि क्रमांक तरी वाचता येतो. आणि रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी आपल्या जवळच्या एखाद्या संग्राहकाला बोलावून पेटी एकदा दाखवा. लेबलावर ‘यंग इंडिया’ लिहिलेले असेल तर त्याच दिवशी बोलवा.